पहिलं जनावर, मग माणूस

आमच्या ह्यांना जगात सगळ्यात प्रिय कोण, असं विचारलंत तर माझं नाव ऐकायला मिळेल या भ्रमात राहू नका. उत्तर ठरलेलं आहे: सत्तावीस नंबर. सत्तावीस नंबर म्हणजे कुणी बाई नव्हे, खेचर. पलटणीतलं. मादी, मातकट रंगाची, डावा कान जरा फाटलेला. तिचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले, म्हणून मी तिला सरळ सवत म्हणते. सवतीचा फोटो बाहेरच्या खोलीत, माझ्या शिवणाच्या मशीनच्या बरोबर वर लावलेला आहे. आमच्या लग्नाचा फोटो आतल्या खोलीत आहे, तोही कपाटामागे अर्धा.

हे चोवीस वर्षं सैन्यात होते, खेचरांच्या तुकडीत. मोटार पोचत नाही अशा डोंगरांवरच्या चौक्यांना धान्य, रॉकेल, दारूगोळा, पत्रं, सगळं खेचरांच्या पाठीवरून जायचं. एका माणसाकडे एक खेचर, त्या माणसाला म्हणायचं मोतद्दार, आणि पहिल्याच दिवशी घोटून घेतलेला एक नियम: पहिलं जनावर, मग खोगीर, मग माणूस. म्हणजे दिवसभर चढून तळावर पोचलात की आधी जनावराला पाणी. मग ब्रशनं अंग घासून त्याला खरारा करायचा, पाठीवर खोगीर कुठे घासलंय का बघायचं, चारही खूर एकेक उचलून खडा-काटा काढायचा, मोजून चंदी, म्हणजे दाणा, घालायची. मग खोगिराचे पट्टे पुसून त्यांना तेल लावायचं. एवढं सगळं झालं की मग माणसानं स्वतः पाण्याला तोंड लावायचं, त्याआधी नाही. जीभ टाळूला चिकटली असली तरी नाही.

नियम चांगला आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि ह्यांचं गाडं अजून पहिल्याच शब्दावर अडलेलं. सकाळी उठले की दाराबाहेरच्या कुत्र्याला पाणी, कुंड्यांना पाणी, वरच्या मजल्यावरच्या आजींचा पाण्याचा कॅन खांद्यावर, माझ्या मशीनला तेल, मग शेजाऱ्याच्या फाटकाची कडी. लोक म्हणतात, "हवालदार म्हणजे देवमाणूस." देवमाणसाच्या बायकोला विचारा! जेवणार सगळ्यांच्या शेवटी, ते ओट्याशी उभ्यानं. मधुमेहाच्या गोळ्या डबीत जशाच्या तशा. झोप तुकड्यातुकड्यांनी. कुणाचं दार आपटलं की असे ओरडायचे की मी शिवण वाकडी घालायची, आणि मग दोन दिवस मूग गिळून बसायचे. काय होतंय विचारलं तर उत्तर एकच, "ठीक आहे." अहो, दुखणं असं अंगावर काढू नये, म्हणून मी घसा फोडायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मी शाळेचे गणवेश शिवते. शाळा उघडायच्या आधी दोन महिने बाहेरच्या खोलीत निळ्या कापडाचे ढीग असतात आणि मला मान वर करायला फुरसत नसते. त्या गडबडीत एक दिवस खिशाच्या जाड शिवणीवर सुई मोडली. अर्धी मशीनमध्येच राहिली, टोकाकडची अर्धी उडाली. मी फरशीवर शोधली. सापडली नाही. म्हटलं, केरात गेली असेल, आणि नवी सुई लावून पुढचा शर्ट ओढला.

चौथ्या दिवशी केर काढताना फरशीवर एक लालसर ठिपका दिसला. पुढे दोन हातांवर दुसरा. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत ठिपक्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी आमचे हे, अनवाणी, शेजाऱ्याचं फाटक रंगवत.

"अहो, पाय बघू."

"काय झालं पायाला? ठीक आहे."

"मेलं तुमचं ते ठीक! वर करा म्हणते ना!"

उजव्या पायाच्या अंगठ्याखाली माझ्या मशीनच्या सुईचं टोक रुतलेलं. भोवती सगळं सुजून लाल झालेलं. चार दिवस हा माणूस सुईवर चालत होता आणि ह्याला पत्ता नाही. साखरेनं पाय बधिर होत चालले होते, तेही कधीपासून कोण जाणे, ह्यांनी कुणाला सांगितलं असेल तर शपथ. सुई माझी होती हो.

माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं रोखठोक. त्यांनी सुई काढली, जखम धुतली, औषधं लिहिली आणि पेन बाजूला ठेवलं.

"हवालदारसाहेब, हे नुसतं पायाचं दुखणं नाही. साखर, झोप, जेवण, चिडचिड, एकट्यानं बसणं, सगळं एकमेकांत गुंतलंय. एक दोरा ओढून गुंता सुटायचा नाही. औषध माझ्याकडे. बाकीचं रोज तुम्ही बघायचं. हा कागद घ्या आणि रोज खरं लिहा."

कागदावर आठ रकाने: झोप, जेवण, पाणी, औषध, पाय, आराम, मन आणि माणसं. हे ताठ उभे राहिले, एका पायावर. "अहवाल कोणत्या वारी हजर करू, मॅडम?" डॉक्टरीणबाईंना वाटलं, चला, शिस्तीचा माणूस आहे, काळजी मिटली. मला आत कुठेतरी धाकधूक होती.

आठवड्यानं अहवाल हजर झाला. अक्षर असं की शाळेत फळ्यावर लावावं. आठ रकाने, सात दिवस, छप्पन्न वेळा एकच शब्द: ठीक. ठीक. ठीक. मंगळवारी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तरी 'माणसं: ठीक'. गुरुवारी जखमेला वास यायला लागला होता, तरी 'पाय: ठीक'. पट्टी स्वतःच बांधायचे, मला हात लावू देत नव्हते, आणि पट्टी बांधून पुन्हा आजींचा कॅन खांद्यावर. ह्यात लबाडी नव्हती बरं का. चोवीस वर्षं ह्यांना हेच शिकवलेलं: वरिष्ठांनी विचारलं की शिपायानं 'सर्व ठीक' म्हणायचं. ताप असो, पोटात आग पडलेली असो, सर्व ठीक.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि दिवा ओढून जखम जवळून बघितली.

"कागद ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पाय ठीक नाही. जखम आत सरकलीय. महिनाभर बघते. भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. हाडात गेली तर अंगठ्यावर भागायचं नाही."

"काढा की," हे म्हणाले. "अंगठ्यावाचून काय अडतंय?"

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आलो आणि माझा जिभेवरचा ताबा सुटला. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"एक विचारू? सत्तावीस नंबरच्या खुरात खिळा घुसला असता तर तिच्या कागदावर काय लिहिलं असतंत? ठीक?"

मी चोरीचा आळ घेतल्यासारखे हे गर्रकन वळले. "जनावराच्या कागदावर खोटं? मी? अगं, मुकं जनावर ते! त्याला सांगता येत नाही, म्हणून तर माणसानं बघायचं आणि माणसानंच लिहायचं. चोवीस वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नाही मी."

"आणि हा तुमचा पाय काय गळा काढून ओरडतोय? अर्धी सुई घुसली तरी हूं की चूं केलं त्यानं? मुकाच आहे ना तोही!"

रागात जे तोंडाला आलं ते मी बोलले, त्यात फार शहाणपण होतं असं नाही. घरी येईपर्यंत ह्यांचा एक शब्द नाही. मला वाटलं, झालं, आता दोन दिवसांची निश्चिंती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर उंबऱ्याशी बुटक्या स्टुलावर हे बसलेले. शेजारी त्यांची जुनी पत्र्याची पेटी उघडी. खराऱ्याचा ब्रश, खुरातले खडे काढायचा लोखंडी आकडा, मऊ फडकं, सगळं रांगेत मांडलेलं. आकडा मी आधी उचलून माझ्या खिशात टाकला, म्हटलं ह्या माणसाचा भरवसा नाही. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेऊन, माझा हातातला आरसा तळव्याखाली धरून हे बघत होते. असं बघत होते की आमच्या लग्नात मलाही तसं बघितलं नसेल. बोटांच्या बेचक्या, टाच, कडा, सगळं. मग डाव्या पायाची पाळी.

मांडीवर नवा कागद होता. वर मथळा: 'जनावर क्रमांक अठ्ठावीस. वय पंचावन्न. रंग गव्हाळ, कानांशी पांढरा. खोडी: आहेत.'

मी हसू दाबत आत पळाले. दुपारी हे डोळा लागून पडले होते तेव्हा तो कागद चोरून वाचला. 'रात्री तीनदा उठलं. उजवा गुडघा कुरकुरतो, लपवत होतं. उजव्या मागच्या पायाची जखम चवलीच्या नाण्याएवढी, कड पिवळी. तहान फार. गोळ्या आठ महिने दिलेल्या नाहीत, ही मोतद्दाराची चूक. दार आपटल्यावर बिथरलं, घरच्या बाईवर ओरडलं. बाईची चूक नव्हती.' शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं सरळ बोलणं ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि आता बोलले ते खेचराच्या नावानं. आहे की नाही कमाल?

त्या दिवसापासून घरात मोतद्दारच राज्य करायला लागला. जनावर जखमी आहे ना? मग ओझं बंद. वरच्या आजींनी हाक मारली, "हवालदार, कॅन!" तर ह्यांनी खालून उत्तर दिलं, "आजी, अठ्ठावीस नंबर रजेवर आहे!" आजी घाबरून मला विचारायला आल्या, ह्यांचं डोकं फिरलंय का. म्हटलं, आजी, उलट अकरा वर्षांनी पहिल्यांदा ताळ्यावर आलंय. कॅन पोचवायला दुकानदाराचा माणूस येतो, तो त्यांना कधीचाच मिळाला असता.

पाणी वेळेवर. चंदी मोजून, आणि बसून, कारण उभ्या जनावराला नीट चावता येत नाही म्हणे. खेचरं उभ्यानंच खातात हे मी बोलले नाही. चहातली साखर गेली, कारण 'गुळाची चटक लागलेलं जनावर चढावर बसतं'. गोळ्यांची डबी सवतीच्या फोटोखाली आली. दुपारी सावलीत तासभर पडायचं. संध्याकाळी माझ्याकडे पाठ करून बसले, "जनावराची पाठ रोज चोळतात."

"मी काय तुमची मोतद्दार आहे?"

"नाही, पण मोतद्दाराचा हात पाठीपर्यंत पोचत नाही."

चोळली मग. न चोळून सांगते कुणाला? मीही माझ्या परीनं प्रायश्चित्त घेत होते. मशीनशी एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवला, काम संपलं की खोलीभर फिरवायची. सुया मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या. घरात घालायला नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ सपाता शिवल्या. पहिली जोडी टाचेला घासली, दुसरी सैल झाली, तिसरीची शिवण नेमकी अंगठ्याखाली आली आणि ती मीच उसवून फेकली. चौथी बसली. ह्यांनी कागदावर लिहिलं, 'नवे नाल उत्तम.' एवढीच शाबासकी, पण मी दिवसभर गाणं गुणगुणत होते.

तिसऱ्या आठवड्यात एक ओळ अशी आली की मशीन थांबवावं लागलं. 'झोप: पहाटे घाबरून उठलं. मूठ घट्ट. दोर धरल्यासारखी.'

दुपारची वेळ होती. हे समोर बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होते. सत्तावीस नंबर कड्यावरून पडून गेली एवढं मला ठाऊक होतं. कशी, ते मी कधी विचारलं नव्हतं आणि ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आज विचारलं.

"वाट खचली," हे बटणांकडे बघत म्हणाले. "तिचे मागचे पाय सुटले. दोर माझ्या हातात. अशा वेळी दोर सोडायचा असतो, नाहीतर माणूसही जातो. तसं शिकवलेलंच असतं. मी सोडला." एक बटण उचलून परत खाली ठेवत म्हणाले, "तिनं वर बघितलं होतं गं. एकदाच मी माणूस पहिला धरला."

मला रडू आवरेना. म्हणजे अकरा वर्षं हा माणूस स्वतःला पाण्याचा पेला द्यायला का घाबरत होता, ते मला तेव्हा कळलं. मी डोळे पुसले आणि चांगली खरडपट्टी काढली. "वेडे आहात तुम्ही. दोर धरून बसला असतात तर तिचे प्राण वाचले असते का? आणि इथे माझं काय झालं असतं? पांढरं कपाळ घेऊन ह्या मशीनवर गणवेश शिवत बसले असते?" ह्यांनी कागद पुढे ओढून 'मन' या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. त्या मात्र मी वाचल्या नाहीत. संध्याकाळी सवतीच्या फोटोची काच मी स्वतः स्वच्छ पुसली.

त्या आठवड्याचा कागद बघून डॉक्टरीणबाई आधी इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि गंभीर झाल्या. "असा खरा अहवाल मला आजवर कुणी दिला नाही," म्हणाल्या. आणि ह्यांना बुधवारच्या बैठकीत बसवलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाच-सहा निवृत्त फौजी जमतात, हलका व्यायाम करतात, श्वासाचे प्रकार करतात आणि बोलतात. ह्यांनी नाक मुरडलं होतं, "चार रिकामटेकडे." पहिल्याच बुधवारी दोराची गोष्ट ह्यांनी तिथे सांगितली. त्यावर बिनतारी यंत्रावर काम केलेला एक गृहस्थ, जो महिनोन्महिने तोंड उघडत नव्हता, म्हणाला, "माझ्या कानात अजून एक आवाज येतो." बाकीचं त्यानं ह्यांना एकट्याला सांगितलं. आता तिथे सगळ्यांनी आपापले नंबर घेतलेत आणि बैठकीची सुरुवात बूट-मोजे काढून पाय तपासण्यानं होते. पलटणीचा एक गलेलठ्ठ आचारी आहे, त्याच्या कागदावर रोज एकच शेरा: 'जनावर हावरट. मोतद्दार त्याहून हावरट.'

महिना संपला त्या सकाळी मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि पर्सचा पट्टा इतका पिळला की शिवण उसवली. आत डॉक्टरीणबाई पट्टी सोडत होत्या. दार लोटलेलं. मनात म्हटलं, अंगठा वाचू दे, जन्मात पुन्हा सुई हरवणार नाही. मग डॉक्टरीणबाईंची हाक आली, "आत या, तुम्हीच बघा." जखमेच्या जागी गुलाबी कातडी होती. नखाएवढी, नवी कोरी.

"अंगठा राहिला," त्या म्हणाल्या. "राखायचा मात्र रोज. हे संपत नसतं."

"जनावर संपेपर्यंत," हे म्हणाले, आणि दोन्ही पायांवर उभे राहून त्यांनी असा सलाम ठोकला की बाहेरची परिचारिका डोकावली. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. आनंदानं रडतात ते मला आजवर खोटं वाटायचं.

घरी आलो. मी पदर खोचून मशीनवर बसले, कारण शाळा चार दिवसांवर आलेली. हे स्टूल घेऊन समोर येऊन बसले, मांडीवर कोरा कागद. मथळा लिहिला: 'क्रमांक एकोणतीस.'

"हा कोण नवा?"

"तू."

"इश्श! मला काय धाड भरलीय?"

"मान?"

"ठीक."

"पाठ?"

"ठीक आहे हो. कॉलर लावायची आहे, सरका बाजूला."

"डोळे?"

"ठीक."

ह्यांनी काहीच लिहिलं नाही. पेन कागदावर टेकवून बसून राहिले. रागावले नाहीत, पुन्हा विचारलंही नाही. खेचर आपण होऊन पाय उचलेपर्यंत असेच बसत असणार. मी शिवण संपवली, दोरा तोडला, नवा दोरा घेतला, आणि तो सुईत जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी मी हात मांडीवर ठेवले.

"ती अर्धी सुई मला दिसलीच नव्हती," मी म्हणाले. "शोधली म्हणजे नुसता हात फिरवला फरशीवर. वर्षभर जवळचं सगळं धूसर दिसतंय. सांगितलं असतं तर तुम्ही काम बंद करायला लावलं असतं. म्हणून ठीक म्हणत राहिले. तुमचा पाय माझ्यामुळे..."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "दोरा ओवताना तू मान तिरकी करतेस. मी रोज बघतोय." आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'डोळे: ठीक नाहीत. उद्या नऊ वाजता दाखवणे. सोबत: क्रमांक अठ्ठावीस.' माझ्या हातातली सुई घेऊन दोरा ओवून दिला.

मग उठले, आत गेले आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आले. दवाखान्याच्या काळजीत सकाळपासून आमच्या दोघांच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता. एक पेला माझ्यासमोर ठेवला.

"अहो, तुम्ही घ्या आधी, उन्हातून आलात."

"पहिलं जनावर," हे म्हणाले, आणि मी माझा पेला संपवेपर्यंत त्यांनी आपल्या पेल्याला हात लावला नाही.